अळीचा वाटा

आमच्या गावच्या घरी, परसात, विहिरीच्या थारोळ्याशी देवकापसाचे एक झाड आहे. झाड म्हटले तर झाड, झुडूप म्हटले तर झुडूप. पुरुषभर उंचीचे, फांद्या वेड्यावाकड्या पसरलेले. ते मूळचे झाड नव्हे. मूळचे आजीच्या वेळचे. त्याच्या सरकीतून उगवलेले हे तिसरे की चौथे. परंतु घरातली सगळी मंडळी त्याला ‘आजीचे झाड’ असेच म्हणतात. या झाडाच्या बोंडांतून निघणाऱ्या कापसाच्या वाती आमच्या देवापुढे जळतात. बाजारात वातींची पुडी मिळू लागून किती वर्षे झाली, पण आईने ती घरात येऊ दिलेली नाही. आई आता शहाऐंशी वर्षांची आहे. दृष्टी अधू झाली. मात्र तिच्या बोटांना अजून दिसते. कोजागिरी झाली की ती परात पुढ्यात घेऊन बसते, आणि वसुबारसेपर्यंत दिवाळीच्या वाती वळून होतात.

गेल्या वर्षी असाच वाती वळण्याचा कार्यक्रम चालला होता. मी ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होतो. आईने एक बोंड फोडले, पाकळी ओढली, आणि परातीत काहीतरी वळवळले. तिने मला हाक मारली. पाहतो तो बोटाच्या पेराहून लहान, अंगावर शेंदराची झाक असलेली एक अळी पितळेच्या परातीत वाट शोधीत फिरत होती. तेवढ्यात धाकटा भाऊ शेतातून आला. त्याने परातीत डोकावून पाहिले मात्र, आणि त्याचे कपाळ आठ्यांनी भरले.

“पाह्य दादा! म्हनूनच म्हन्तो मी, हे झाड तोडा म्हनून. शिवारातली पऱ्हाटी उपटली तरी हे उन्हाळाभर अळी पोसते.”

“तोडा म्हने!” आई म्हणाली. “माह्या वातीचं झाड हाय ते.” आणि मग माझ्याकडे वळून तिने विचारले, “तू जन्मभर पोरायले नीती शिकवली नं? मंग सांग, इले मारू का सोडू?”

मी अमरावतीला तीस वर्षे तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र शिकवले. कांटचा तो सुप्रसिद्ध दंडक, की ज्या नियमाने तू वागतोस तो साऱ्या जगाचा नियम व्हावा असे तुला इच्छिता येते का ते आधी पाहा, मी किमान साठ वेळा तरी फळ्यावर लिहिला असेल. तरी आईला तेव्हा उत्तर देता आले नाही. अळी एवढीशी, प्रश्न मात्र तिच्या मानाने फारच मोठा निघाला. वर्षभर तो माझ्या डोक्यात वळवळतो आहे.

या अळीची ओळख करून दिली पाहिजे. हिला आपल्याकडे शेंदरी किंवा गुलाबी बोंडअळी म्हणतात. शास्त्राच्या दप्तरात तिची नोंद झाली ती १८४३ साली, साँडर्स नावाच्या इंग्रज गृहस्थाने केलेली. आणि त्याच्याकडे आलेले नमुने होते भडोचच्या कपाशीवरचे. म्हणजे बाई आपल्याच मुलखातल्या. तिचे वागणे मोठे चोरट्या पावलाचे. पाखरू लहानसे, राखी-तपकिरी, रात्री हिंडणारे. अंड्यातून निघालेली अळी केसाएवढी बारीक असते. ती कळीत किंवा कोवळ्या बोंडात शिरते आणि तिच्या मागे भोक आपोआप बुजून जाते. फुलात शिरली तर पाकळ्या उमलतच नाहीत, गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहतात. अशा फुलाला आमच्याकडे डोमकळी म्हणतात. बोंडात शिरली तर बाहेरून काहीच कळत नाही. बोंड हिरवेगार, टणक, देखणे; आत सरकी पोखरलेली आणि कापूस पिवळा पडलेला. एकदा ती आत गेली की बाहेरून मारलेला फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही.

म्हणूनच २००२ साली बीटी कापूस आला तेव्हा आम्हाला तो चमत्कार वाटला. मातीत राहणारा एक जंतू आहे. १९०१ साली जपानात रेशमाचे किडे त्याने मरताना दिसले, आणि पुढे जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतावरून त्याचे नाव पडले. या जंतूचा विष करण्याचा गुण शास्त्रज्ञांनी कपाशीच्या बीजातच घातला. आता अळीला विष बाहेरून द्यायचे नाही. तिने घास घेतला की घासातच विष. माणसाला आणि गुरांना त्याची बाधा नाही. हे सारे मी ऐकीव सांगत नाही. पहिली काही वर्षे आमच्या शेतात बोंडअळीसाठी पंप खुंटीवरून काढावा लागला नाही. भावाने त्या पैशांतून घरावर स्लॅब घातला. पुढे जे झाले ते सांगताना ही गोष्ट विसरणे कृतघ्नपणाचे होईल.

त्या बियाण्याच्या पाकिटाबरोबर एक लहान पुडी येत असे. मोठे पाकीट ४५० ग्रॅमचे, ही १२० ग्रॅमची. हिच्यातली सरकी साधी, विष नसलेली. हुकूम असा होता, की बीटी कपाशीच्या भोवती या साध्या कपाशीची पाच तासे तरी लावावीत, किंवा एकूण क्षेत्राच्या शेकडा २० भागात ती पेरावी. दोन्हींत जे अधिक भरेल ते. त्या पट्ट्यात अळ्या येणार, बोंडे खाणार, सुखाने वाढणार आणि पाखरे होऊन उडणार. त्या याव्यात याचसाठी तो पट्टा. त्याचे शास्त्रीय नाव ‘आश्रय’. केवढा हा शब्द! ज्या शत्रूसाठी एवढा खटाटोप केला त्यालाच आपल्या बांधावर आश्रय द्यायचा, आणि तोही भाडे न घेता.

भावाने पहिल्या वर्षी ती पुडी माझ्यासमोर धरली. “हे काहून देतेत दादा?” मला तेव्हा ठाऊक नव्हते. मी म्हटले, फुकट असेल. पुडी उकिरड्यावर गेली. दुसऱ्या वर्षी मी वाचून घेतले होते, मला ठाऊक होते, आणि तरीही ती उकिरड्यावरच गेली. या लेखात कबुलीजबाब असा जो आहे तो हा एवढाच; पण तो द्यायचा तर त्या पुडीतले तर्कशास्त्र आधी सांगितले पाहिजे.

लोक म्हणतात, अळी औषधाला सरावली. दारुड्याला दारू सरावते तशी. हा समज चुकीचा आहे, आणि त्या चुकीतच सारा घोटाळा आहे. एकही अळी सरावत नाही. जी मरायची ती मरतेच. परंतु लाखो अळ्यांच्या त्या अफाट गोतावळ्यात सगळ्या एकसारख्या नसतात. आपल्या दहा बोटांचे ठसे सारखे नसतात, तसेच. कोणाच्या तरी बीजात, आपण औषध शोधण्याच्याही आधीपासून, एखादे अक्षर चुकलेले असते. एरवी ती चूक निरुपयोगी, कदाचित अपायकारकही. आपले विष आले की तीच चूक कवच होते. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या सफरचंदाच्या बागांतून मेलँडर नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने १९१४ सालीच प्रश्न विचारला होता, की कीटक फवाऱ्याला दाद न देणारे होऊ शकतात काय? खवले कीड गंधक-चुन्याच्या फवाऱ्याने काही बागांत मरेनाशी झाली होती. डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधणाऱ्या म्यूलरला १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या आधीच युरोपात डीडीटीला न जुमानणाऱ्या माश्या उडू लागल्या होत्या. आपल्याकडे १९८७ साली आंध्रातल्या गुंटूर-प्रकाशम भागात हिरव्या बोंडअळीवर पायरेथ्रॉइडची जालीम औषधे चालेनाशी झाली आणि शेतकरी देशोधडीला लागले. दर वेळी गोष्ट एकच: औषध अळीला बलवान करीत नाही, ते दुबळ्यांना काढून घेते आणि बलवानांसाठी पंगत मोकळी करते.

आता पुडीची करामत पाहा. बीजातला प्रत्येक गुण आईकडून एक आणि बापाकडून एक असा दुहेरी येतो. बीटीच्या विषाला न जुमानण्याचा गुण या अळीत बहुधा असा असतो, की तो दोन्हीकडून आला तरच कामाला येतो. एकीकडूनच आला तर अळी मरते. समजा, हजारात एका ठिकाणी हे चुकलेले अक्षर आहे. तर दोन्ही अक्षरे चुकलेली अळी निघणार दहा लाखांत एक. शेतभर विष पसरले की ती एकटी उरते. तिचे पाखरू उडते आणि जोडीदार शोधते. शिवारात दुसरे जिवंत पाखरू जर असेल तर तेही तसेच वाचलेले. मग त्यांची सारी प्रजा कवचधारी. पण बांधावरच्या त्या पाच तासांतून साधी, दुबळी, विषाला भिणारी पाखरे शेकड्यांनी उडत असतील, तर आपल्या त्या वीराचे लग्न त्यांच्यापैकीच कोणाशी तरी लागते. पोरांना कवच एकाच बाजूने मिळते, ती बीटीचा घास घेतात आणि मरतात. सारांश, १२० ग्रॅमची ती पुडी म्हणजे वधूवरसूचक मंडळ होते! बलवानाचे लग्न बलवानाशी लागू नये, एवढ्यासाठी दुबळी स्थळे हाताशी ठेवायची.

हिरव्या बोंडअळीच्या बाबतीत हे काम निसर्गच फुकट करतो. ती सर्वभक्षी, हरभऱ्यावर तिलाच आपण घाटेअळी म्हणतो, तुरीवर तीच, टोमॅटोवर तीच. तिला शिवारभर आश्रय आहे. म्हणून ती इतकी वर्षे बीटीला भीत राहिली. शेंदरी अळी मात्र एकनिष्ठ. तिचा संसार जवळजवळ सारा कपाशीवर. आपण सगळी कपाशी विषारी केली, म्हणजे तिला दुबळे राहण्याची सोयच ठेवली नाही.

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात बीटी कापूस १९९६ साली आला. तेथे आश्रयाचा कायदा होता आणि शेतकऱ्यांनी तो बहुतांशी पाळला. दहा वर्षांनंतरही तिथली अळी बीटीने मरत होती. २००६ पासून त्यांनी विमानातून वांझ केलेली पाखरे सोडली, आणि २०१८ साली ही अळी त्या देशाच्या कापूसपट्ट्यातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. आपल्याकडे २०१० साली गुजरातेतल्या अळ्या पहिल्या, एका जनुकाच्या बीटीला दाद देत नसल्याचे मान्य करण्यात आले. २००६ साली आलेले दोन जनुकांचे बियाणेही २०१४-१५ च्या सुमारास तेथे हरले, आणि २०१७ साली ते संकट पूर्ण बळानिशी विदर्भात उतरले.

ॲरिझोनाच्या गोष्टीवरून आमच्या माणसांना बेशिस्त ठरविणे सोपे आहे. मी तसे करणार नाही. थोडे माझ्याच बचावासाठी असेल, पण तेवढेच नाही. तिथल्या शेतकऱ्याजवळ शेकडो एकर असतात. त्याने शंभरातले वीस एकर अळीला दिले तरी ऐंशी उरतात. आमच्या पाच एकरवाल्याने एक एकर अळीला दिला, तर त्या एकरात मुलीची फी असते, सोसायटीचा हप्ता असतो. एकच शेकडा वीस दोघांकडून मागणे गणितात समान आहे, नीतीत नाही. शिवाय त्या पुडीतले बी कधी उगवे, कधी उगवत नसे.

तरीसुद्धा २०११ साली मी हट्ट धरला. निवृत्त झालो होतो, गावी वरचेवर जात होतो, आणि कांट अंगात होता. भावाने कुरकुर करीत बांधाच्या कडेने चार तासे साधी कपाशी टोबली. पाचवे तास काही त्याच्या हातून निघाले नाही. दसऱ्याला मी गेलो तो शेजारी बांधावर उभा. “सर, तुमच्या धुऱ्यावरून अळ्या येऊन राह्यल्या माह्या वावरात.” मी त्याला लग्नांचे सारे गणित समजावून सांगितले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “ते बराबर हाय. पन तुमी अळ्या पोसता नं?” दुसऱ्या दिवशी भावाने लाजेकाजेस्तव त्या चारही तासांवर फवारणी केली. दारात आलेल्याला पानावर बसवावे आणि पहिल्या घासाला काठी घालावी, असा तो आश्रय झाला. पुढल्या वर्षी पुडी पुन्हा उकिरड्यावर.

रात्री जेवताना भाऊ म्हणाला होता, “दादा, अख्ख्या शिवारात आपल्या चार तासांनं काय होते? कोनी लावलं का दुसऱ्यानं, सांग बरं?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो खरोखरच बिनतोड आहे. सगळ्यांनी आश्रय ठेवला तर माझा एकट्याचा नसला तरी चालते. कोणीच ठेवला नाही तर माझा एकट्याचा असून उपयोग नाही. दोन्हीकडून हिशेब केला तरी पुडी उकिरड्यावरच जाते. आणि हाच हिशेब प्रत्येक घरी, प्रत्येक चुलीपुढे, त्याच बिनचूकपणे होतो. गॅरेट हार्डिनने १९६८ साली सामायिक कुरणाविषयी जो प्रसिद्ध लेख लिहिला, त्यात गुराख्यांचे असेच शहाणपण आहे. गायरान सगळ्यांचे, गाय माझी. म्हणून एक गाय आणखी.

परंतु येथे गायरान कोणते? माती नव्हे, पाणी नव्हे, कापूसही नव्हे. येथे सामायिक मालमत्ता होती ती अळीचा दुबळेपणा. विचार करू लागलो की गंमत वाटते. विष कारखान्यात होते, बियाणे कंपनीचे, शेत माझे. पण त्या विषाने मरण्याचा अळीचा जो गुण, तो कोणाचा? तो कोणी निर्माण केला नाही, विकत घेतला नाही, सातबाऱ्यावर चढवला नाही. कोट्यवधी पाखरांच्या बीजात, हरतऱ्हेच्या मिश्रणात, तो विखरून ठेवलेला होता. आपण सगळे मिळून त्यातून उचल करीत होतो आणि जमा कोणीच करीत नव्हते. पुडी म्हणजे त्या खात्यातली आमची जमा. पिढ्यान्‌पिढ्या आपण बळाला ठेव मानले. शत्रूचा दुबळेपणाही जपून वापरायची ठेव असू शकते, हे मला कोणत्याही नीतिग्रंथात आढळले नव्हते.

आई याला वाटा म्हणते. ज्वारीचे खळे व्हायचे तेव्हा पाखरांसाठी, मुंग्यांसाठी, मागत्यासाठी मूठ मूठ बाजूला निघायची, तसा हा अळीचा वाटा. ऐकायला गोड आहे. पण मला हे साम्य पूर्ण पटत नाही. पाखरांची मूठ परत येत नसते, म्हणून ती दान. अळीचा वाटा हा हिशेबी वाटा आहे. उद्या मारता यावे म्हणून आज जगवायचे. त्याला दया म्हणणे म्हणजे बोकड पोसणाऱ्याला दयाळू म्हणण्यासारखे होईल. आणि तरीही हिशेबाने का होईना, हात आखडता घेतला जातो, हे काही थोडे नाही.

चीनमधली एक हकीकत वाचली तेव्हा माझ्या नीतिशास्त्राची उरलीसुरली घडीही विस्कटली. यांगत्से नदीच्या खोऱ्यात सहा प्रांतांतून शेंदरी अळी बीटीला सरावू लागली होती. (पाहा, मीही ‘सरावू’ म्हणून गेलो!) मग २०१० नंतर तिचा प्रतिकार उलट कमी होऊ लागला. का? तर शेतकरी संकरित बीटीच्या दुसऱ्या पिढीचे बी पेरू लागले होते. ते स्वस्त पडे. दुसऱ्या पिढीत चारातले एक झाड विषाशिवाय निघते. म्हणजे शेतभर आश्रय आपोआप विखुरला. २०१७ साली शास्त्रज्ञांनी हे प्रसिद्ध केले. त्या शेतकऱ्यांना परोपकार करायचा नव्हता, अळी जपायची नव्हती, बहुधा ठाऊकही नव्हते. त्यांना चार पैसे वाचवायचे होते. कांट म्हणेल, यात नैतिक मूल्य शून्य. आणि मी, ज्याला सारे ठाऊक होते, ज्याने ते फळ्यावर शिकवले, त्याच्या शेतात आश्रय शून्य. अळीला हेतू कळत नाही. तिला कळते ते फक्त पुढ्यात कोणते पान आले.

मी हे सारे असे थोडे विनोदाने लिहू शकतो, ते २०१७ चा सप्टेंबर बाजूला ठेवून. तो आता सांगतो. त्या वर्षी कपाशी डोक्यावर गेली होती. भावाला डोमकळ्या दिसल्या, त्यात रसशोषक किडी; त्याने दोन औषधे एकत्र कालवून फवारणी काढली. पंप होता सालदाराच्या मुलाच्या पाठीवर. एकोणीस वर्षांचा पोरगा. तोंडाला फडके नाही, पायांत काही नाही, झाडे छातीच्या वर, आणि दिवसभर उकाडा. संध्याकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या, मग डोळ्यांपुढे धूसर. नऊ दिवस तो इस्पितळात होता. वाचला. त्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली. त्यांतली बहुतेक दुसऱ्याच्या शेतात मजुरीने फवारणारी किंवा लहान शेतकरी होती. मी इस्पितळात गेलो तेव्हा पोराचा बाप भिंतीला टेकून बसला होता. मला पाहून उठला. मला वाटले, काही बोलेल. तो म्हणाला, “सर, पंप माह्या घरीच हाय. कुठं नेऊन ठेवू?”

त्या फवाऱ्याने बोंडातली एकही अळी मेली नसेल. ती आत होती.

आता माझ्यापुढचा खरा प्रश्न हा आहे. त्या पोराच्या उलट्यांशी माझ्या उकिरड्यावरच्या पुड्यांचा संबंध किती? अगदी नाही असे म्हणवत नाही. बीटी टिकते तर त्या दिवशी निदान एक औषध कमी कालवले जाते. पण माझ्या पुड्यांमुळे बीटी हरली असेही म्हणता येत नाही. लाखो उकिरड्यांवर लाखो पुड्या गेल्या. वडिलांच्या नावची जमीन जशी भावाभावांत, मग पुतण्यांत वाटली जाऊन पोटहिस्सा इतका लहान होतो की त्यात बैल वळत नाही, तसा हा अपराध वाटला गेला. प्रत्येकाच्या सातबाऱ्यावर त्याचा इतका बारीक तुकडा, की त्यावर दुःखही पिकवता येऊ नये. कायद्याला तो दिसत नाही, आणि ज्याच्या पाठीवर पंप होता त्याच्या नावावर तर जमीनच नव्हती. लाभाची वाटणी सात-बाराप्रमाणे झाली. विषाची वाटणी मात्र मजुरीप्रमाणे. नीतिशास्त्राच्या पुस्तकांतून एका माणसाने दुसऱ्याला फसवले, मारले, वचन मोडले अशी उदाहरणे असतात. लाखो माणसांनी मिळून, कोणाचेही वाईट न चिंतता, एखाद्याच्या फुप्फुसात विष घातले, तर त्याला काय म्हणायचे याचा धडा मी कधी शिकवला नाही. माझ्याजवळ तो नव्हता.

गाव अगदीच हातावर हात ठेवून बसले आहे असे नाही. शेतात कामगंध सापळे लागतात. नर पाखरे त्यात येतात आणि सकाळी मोजली जातात. बियाण्याची वेगळी पुडी जाऊन साधे बी आता पाकिटातच मिसळून येऊ लागले, म्हणजे उकिरड्याचा मोह तरी गेला. आणि फरदड घेणे भावाने सोडले. डिसेंबरनंतर पाणी देऊन मार्चपर्यंत तीच पऱ्हाटी राखायची आणि शेवटचा कापूस वेचायचा, ही फरदड. तिच्यावर अळी उन्हाळ्यापर्यंत निभावून जाते. आता पुष्कळांनी पऱ्हाट्या वेळेवर उपटल्या आहेत. या वेळी कोणी कोणाचा हिशेब विचारला नाही, हे मला नवलाचे वाटते. कदाचित २०१७ ने तो विचारून झाला होता. तोटा यातही आहेच, आणि तो पुन्हा भलत्याच ठिकाणी आहे: फरदडीच्या वेचणीवर ज्या बायांची फेब्रुवारीतली चूल पेटे, त्यांना कोणी काही दिले नाही.

म्हणून भावाला ते परसातले झाड खुपते. सारे शिवार कपाशीवाचून मोकळे झाले आणि आमच्याच घरी बारमाही कापूस! त्याचे खरे आहे. परंतु त्याच झाडात बीटी नाही, त्याच्यावर कधी फवारा गेला नाही. साऱ्या गावात अळीला दुबळे राहता येईल असे ते बहुधा एकच ठिकाण. एका झाडाने काय होते, हे मला कोणी सांगू नये. ते भावाने मला पूर्वीच सांगितले आहे.

परातीतल्या त्या अळीकडे मी पुष्कळ वेळ पाहत राहिलो. ही जुन्या, विषाला भिणाऱ्या घराण्यातली, की शिवारातून बीटी पचवून आलेल्या पाखराची लेक? पहिली असेल तर सोडावी, दुसरी असेल तर मारावी, इतपत माझे उत्तर तयार होते. पण अंगावर शेंदूर दोघींच्याही सारखाच. मी काही बोलेना, तेव्हा आईने तिच्यावर एक वाटी पालथी घातली आणि म्हणाली, “सांगशीन सवडीनं.” आणि पुढची वात वळायला घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटे अभ्यंगाच्या गडबडीत वाटीची आठवण कोणालाच नव्हती. दुपारी आईने ती उचलली तर अळी नाही. चाचपताना तिच्या बोटांना दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या लागल्या. मधे बारीक कोळिष्टकासारखा धागा. अळी दोन सरक्या जोडून त्यांच्या पोटात निजली होती. हिवाळा असाच काढतात त्या. आईने ती जोडी माझ्या तळहातावर ठेवली. भाऊ दारात उभा राहून पाहत होता. तो काही बोलला नाही.

मी ती आगपेटीत घालून अमरावतीला आणली आणि टेबलाच्या खणात ठेवून विसरलो. संक्रांतीनंतर भावाने झाड तोडले नाही, छाटले. बोंड म्हणून एक ठेवले नाही. आई जवळ खुर्ची टाकून बसली होती आणि प्रत्येक फांदी हाताने चाचपून मग कापू देत होती, असे सुनेने फोनवर सांगितले. जूनमध्ये पहिला पाऊस झाला त्या आठवड्यात चष्म्याचे घर शोधताना आगपेटी हाताला लागली. उघडली. एका सरकीला वाटोळे भोक पडले होते, आणि कोपऱ्यात लहानसे राखी पाखरू पंख मिटून पडले होते. फुंकर घातली तर हलले नाही.

परवा आईचा फोन आला होता. झाड पुन्हा पुरुषभर झाले आहे, बोंडे धरली आहेत. दिवाळीला कधी येतोस, म्हणाली. आणि येताना मोठी परात घेऊन ये, जुनीला चीर गेली.